ॲस्पिरीनची पाण्यातील विद्राव्यता : तिसऱ्या टप्प्याची नोंद

25 अंश सेल्सियसला सुमारे 300 मिलिलिटर पाण्यात 1 ग्रॅम ॲस्पिरीन विरघळते, असे संदर्भग्रंथांत दिलेले असते. म्हणजे लिटरमागे जेमतेम 3.3 ग्रॅम. हा आकडा स्वतःच्या हाताने मिळवावा, एवढाच माझा मूळ हेतू होता. परंतु मोजणीची पद्धत ठरवण्यातच पहिले दोन टप्पे खर्ची पडले.

पहिल्या टप्प्यात मी गोळ्याच कुटून वापरल्या. त्यांतील स्टार्च व सेल्युलोज पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे गाळणकागद तुंबत असे आणि तळाशी उरलेला गाळ कशाचा, हे सांगता येत नसे. म्हणून आता गोळ्या अल्कोहोलमध्ये विरघळवून, गाळून, पुनर्स्फटिकीकरणाने मिळालेले सुईसारखे स्फटिकच घेतो. दुसऱ्या टप्प्यात संतृप्त (ज्यात आणखी ॲस्पिरीन विरघळू शकत नाही असे) द्रावण आटवून उरलेला पदार्थ तोलला. आटवताना व्हिनेगरसारखा वास येई आणि वजन नेहमीच कमी भरे. उष्णतेने ॲस्पिरीनचे पाण्याशी विच्छेदन होऊन सॅलिसिलिक अम्ल व ॲसिटिक अम्ल तयार होते आणि त्यांतील ॲसिटिक अम्ल उडून जाते, हे त्या वासाने मला शिकवले.

या वेळी अनुमापन केले, म्हणजे ठाऊक असलेल्या तीव्रतेचे अल्कली थेंबथेंब सोडून द्रावणातील अम्ल किती ते मोजले. 25 अंशांच्या जलकुंडात ठेवलेल्या संतृप्त द्रावणातून दोन तासांनी 25 मिलिलिटर गाळून घेतले. 0.05 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड 9.1 मिलिलिटर लागले, म्हणजे लिटरमागे 3.28 ग्रॅम. हा आकडा पाहून झालेला आनंद मी लपवणार नाही. मात्र त्याच बाटलीतील द्रावण चोवीस तासांनी तपासले, तेव्हा 9.8 मिलिलिटर लागले. तापमान तेच, तळाशी घन पदार्थही शिल्लक. मग विद्राव्यता वाढली कशी? ती वाढलेली नव्हती. विच्छेदन झालेल्या प्रत्येक रेणूमागे दोन अम्ले तयार होतात, शिवाय त्याची रिकामी जागा घ्यायला तळाचे ॲस्पिरीन विरघळत राहते, आणि ब्युरेट (अल्कली थेंबथेंब मोजून सोडणारी नळी) हे सगळे अम्ल एकाच मापाने मोजते. फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकताच जुन्या द्रावणाला आलेला गडद जांभळा रंग सॅलिसिलिक अम्लाची साक्ष देत होता. दोन तासांच्या द्रावणात तो अगदी फिका होता.

अनुमापन करणाऱ्यांसाठी एक सूचना : फिनॉल्फ्थॅलिनचा (अम्ल संपून अल्कली उरू लागताच रंग बदलणाऱ्या दर्शकाचा) गुलाबी रंग आल्यानंतर थोड्या वेळाने पुन्हा फिका पडतो, कारण अल्कलीमुळे विच्छेदन आणखी वेगाने होते. अंतिम बिंदू काही क्षण टिकणाऱ्या पहिल्या छटेलाच धरावा आणि द्रावण थंड ठेवावे.

खाण्याच्या सोड्याचा प्रयोगही केला. ॲस्पिरीनचा पीकेए (अम्लाची तीव्रता दाखवणारा आकडा; जितका लहान, तितके अम्ल तीव्र) सुमारे 3.5 असल्याने सोड्यात ते फसफसत सोडियम क्षारात बदलते आणि विरघळते. पॅरासिटामॉलला हा उपाय लागू पडत नाही, कारण त्याचा पीकेए 9.5 च्या आसपास आहे. अर्थात मुळातच ते साध्या पाण्यात ॲस्पिरीनच्या चौपट विरघळते.

पुढचे मोजमाप 37 अंशांवर आहे. तेथे 1 ग्रॅमला सुमारे 100 मिलिलिटर पाणी पुरते, पण विच्छेदनही जलद होते. म्हणून बारीक पूड सतत ढवळत अर्धा, एक, दोन व चार तासांनी नमुने घेईन आणि संतृप्ती गाठल्यानंतरच्या वाचनांची रेषा मागे शून्य वेळेपर्यंत वाढवून पाहीन, म्हणजे विच्छेदनाने पडलेली भर वगळता येईल.