व्होलाटाइल, स्टेबल की इम्म्युटेबल: माझा अनुभव

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये फंक्शन लिहिताना त्याचं उत्तर कितपत बदलू शकतं हे व्होलाटाइल, स्टेबल किंवा इम्म्युटेबल अशा लेबलने सांगता येतं. काहीच सांगितलं नाही, तर ते व्होलाटाइल, म्हणजे केव्हाही वेगळं उत्तर देऊ शकणारं, धरलं जातं. आमची जवळजवळ सगळी फंक्शन्स तशीच होती, आणि त्यामुळे काही अडतही नव्हतं. पुढे टेबल वाढलं आणि तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (ओळी पटकन शोधण्यासाठीची सूची) असूनही एक क्वेरी रेंगाळू लागली. क्वेरी कशी चालणार हे दाखवणाऱ्या एक्स्प्लेनमध्ये सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे सगळं टेबल ओळीने वाचणं, दिसलं. तारखेची तुलना एका फंक्शनशी होती. ते सेटिंग्जच्या टेबलातून मुदत वाचून द्यायचं. व्होलाटाइल फंक्शनचं उत्तर प्रत्येक ओळीला बदलू शकतं, म्हणून प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) ते एकदाच काढून इंडेक्समध्ये शोधत नाही. फंक्शन स्टेबल केलं, म्हणजे एका स्टेटमेंटपुरतं उत्तर तेच राहील अशी हमी दिली, आणि इंडेक्स स्कॅन सुरू झाला.

मग पीजी_प्रॉक या फंक्शन्सची नोंद ठेवणाऱ्या कॅटलॉगमधून बाकीची फंक्शन्स काढून बसलो. डेटा बदलणारी किंवा रँडम (यादृच्छिक आकडा), नेक्स्टव्हॅल (क्रमातला पुढचा आकडा) वापरणारी व्होलाटाइलच ठेवली. टेबल, सेशनची (त्या वेळच्या जोडणीची) सेटिंग किंवा नाऊ, म्हणजे आत्ताची वेळ, वाचणारी स्टेबल. फक्त आर्ग्युमेंट्सवर, म्हणजे दिलेल्या किमतींवर, चालणारी आणि त्याच किमतींना कायम तेच उत्तर देणारी इम्म्युटेबल.

खरा कस लागला तो टाइमझोनसह साठवलेल्या वेळेतून तारीख काढून तिच्यावर इंडेक्स करताना. पोस्टग्रेसने नकार दिला: इंडेक्सच्या एक्स्प्रेशनमधलं (ज्या सूत्रावर इंडेक्स बांधायचा त्यातलं) फंक्शन इम्म्युटेबल हवं. यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे ते रूपांतर आपल्या फंक्शनमध्ये गुंडाळून वर इम्म्युटेबल लिहिणं. सर्व्हर ते मान्य करतो, लेबल खरं आहे का हे तपासत नाही. मला हा उपाय घातक वाटतो. ती तारीख सेशनच्या टाइमझोनवर ठरते. इंडेक्स एका टाइमझोनमध्ये बांधला आणि क्वेरी दुसऱ्यातून आली, तर मध्यरात्रीच्या आसपासच्या ओळी निकालातून गळतील आणि एररही येणार नाही. मी एक्स्प्रेशनमध्येच ‘ॲट टाइम झोन’ लावून यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) हा टाइमझोन ठरवून दिला. आता उत्तर सेशनवर अवलंबून नाही, त्यामुळे इम्म्युटेबलची अट खरोखर पूर्ण होते.

एक फंक्शन मात्र नुसतं वाचणारं असूनही व्होलाटाइल ठेवलं. इन्सर्ट (नव्या ओळी घालणं) चालू असताना ट्रिगरमधून, म्हणजे त्या वेळी आपोआप चालून, ते आधीच्या नोंदी मोजतं. स्टेबल फंक्शनला त्याला बोलावणारी क्वेरी सुरू झाली तेव्हाचाच स्नॅपशॉट (डेटाचं त्या क्षणीचं चित्र) मिळतो, त्यामुळे त्याच इन्सर्टने नुकत्याच घातलेल्या ओळी मोजणीत आल्या नसत्या. हे कारण फंक्शनच्या कॉमेंटमध्ये लिहून ठेवलंय, म्हणजे उद्या वेग वाढवायला कुणी परस्पर स्टेबल करणार नाही.