एक मिली रक्त आणि दोन पंचांगं

इंदूरमध्ये नवजात बाळांवर वैद्यकीय संशोधन करायचं, तर अडचणी इथून सुरू होतात: १२०० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त साधारण १०० मिली. टपरीवरचा कट चहा असतो, तेवढं. संशोधनासाठी त्यातलं किती घ्यावं, याची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांतली मर्यादा अशी: एका वेळी एकूण रक्ताच्या १ टक्का, चार आठवड्यांत मिळून ३ टक्के. म्हणजे या बाळाकडून एका वेळी १ मिली. आणि सेप्सिसचा (रक्तातल्या जंतुसंसर्गाचा) संशय आला की उपचारासाठीच ब्लड कल्चरला, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, १ मिली लागतं. मग संशोधनाच्या वाट्याला येते ती शिल्लक: सीआरपीसाठी (जंतुसंसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन) घेतलेल्या नळीच्या तळाशी उरलेलं, नाळेतलं, नाहीतर उपचारासाठी सुई टोचलीच आहे तर त्याच वेळी घेतलेले चार थेंब. पाच नळ्या मागणारा प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) लिहिणाऱ्याने तान्ह्या बाळाचा हात बहुधा कधी धरलेला नसतो.

कल्चरच्या १ मिलीबाबत मात्र काटकसर महागात पडते. शीर बारीक, रक्त थेंबथेंब येतं, अर्धा मिली झालं की हात थांबतो. आता हिशेब बघा. रक्तात दर मिलीला एकच जंतू फिरत असेल, तर अर्ध्या मिलीत निदान एक जंतू सापडण्याची शक्यता ३९ टक्के, पूर्ण मिलीत ६३. दर मिलीला चार जंतू असतील तर तेच आकडे ८६ आणि ९८. नवजात बाळांत जंतूंची संख्या बऱ्याचदा कमी असते, म्हणून अर्ध्या मिलीचं ‘निगेटिव्ह’ हे उत्तर नव्हेच. ज्या अभ्यासात ‘कल्चर पॉझिटिव्ह सेप्सिस’ हाच मुख्य निकष आहे, तिथे अर्ध्या भरलेल्या बाटल्या औषध दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही गटांतला आजार सारखाच झाकतात. औषधाने खरंच फरक पडला असला तरी तो आकड्यांत उमटत नाही.

यावर स्वस्त उपाय आहे. बाटली आधी रिकामी वजन करायची, रक्त घातल्यावर पुन्हा. १ मिली रक्ताचं वजन साधारण १.०५ ग्रॅम. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा वॉर्डात ठेवला आणि दोन्ही वजनं फॉर्मवर लिहायला लावली, की महिन्याभरात कोणत्या पाळीत बाटल्या कमी भरतात ते उघड दिसतं. त्यावरून कोणाला झापायचं नाही. बहुतेकदा त्या पाळीत एकच सिस्टर असते आणि बाळं वीस.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. शिरेत आधीच बसवलेल्या जुन्या कॅन्युलातून (सलाईनच्या नळीतून) नमुना ओढणं. जंतुनाशक लावून ते वाळायच्या आत सुई टोचणं. निदान ३० सेकंद थांबायला हवं, आणि ते ३० सेकंद रडणाऱ्या बाळाजवळ फार मोठे वाटतात. बाटलीचं रबरी बूच स्पिरिटने न पुसणं. आधी ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळी भरून उरलेलं कल्चरला देणं. क्रम उलटा हवा, कल्चर सगळ्यांत आधी. आणि बाटली रात्री फ्रिजमध्ये ठेवून देणं. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० च्या वर गेला की हे हमखास होतं, कारण ‘खराब होईल’ असं वाटतं. नमुना आणि दूध यांत फरक आहे: इथे जंतू वाढायलाच हवेत. बाटली खोलीच्या तापमानाला ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर जंतू वाढवणाऱ्या मशीनमध्ये लावावी. त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस जंतू एकाच बाटलीत आणि उशिरा उगवले, तर ते खरे की हातातून आलेले हा वाद होणारच. त्याचा निकष प्रोटोकॉलमध्ये आधी लिहून ठेवा, निकाल बघून नको. पहिल्या काही तासांतल्या सीआरपीवरही विसंबू नये, तो चढायला १२ ते २४ तास घेतो.

दुसरी गोष्ट पंचांगाची. माळव्यात मराठी संशोधन कर्मचाऱ्याने ती पाठच करावी.

बाळ पोटात किती आठवडे राहिलं, यावर सगळी वर्गवारी उभी असते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हाताशी असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर शेवटच्या पाळीची तारीख, आणि ती आजी तिथीने सांगते: ‘चैत्र वद्य पंचमी.’ नोंद घेणारी मुलगी भिंतीवरच्या हिंदी कॅलेंडरात चैत्र कृष्ण पंचमी शोधते आणि तारीख लिहिते. चूक झाली! आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो, पण वद्य पक्षात नाव बदलतं. हिंदी कॅलेंडरातली चैत्र कृष्ण पंचमी म्हणजे आपली फाल्गुन वद्य पंचमी, रंगपंचमी, इंदूरच्या राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) येते तो दिवस. आजींची चैत्र वद्य पंचमी त्यानंतर महिन्याने, हनुमान जयंती उलटल्यावर. पाळीची तारीख महिनाभर मागे लिहिली गेली की ३४ आठवड्यांचं बाळ कागदावर ३८ आठवड्यांचं होतं. वजन १९०० ग्रॅम असेल तर ३४ आठवड्यांचं ठीकठाक बाळ ‘पूर्ण दिवसांचं पण पोटात वाढ खुंटलेलं’ म्हणून नोंदलं जातं आणि भलत्याच गटात जाऊन बसतं.

म्हणून तिथी विचारू नये, सण विचारावा: ‘गेर झाली त्या सुमाराला, की रामनवमीनंतर?’ मग बॅलार्ड स्कोअरशी (बाळाची त्वचा, ठेवण बघून काढलेल्या आठवड्यांच्या अंदाजाशी) ताडून बघायचं. स्कोअर स्वतःच दोनेक आठवडे इकडेतिकडे असतो. पण चार आठवड्यांची तफावत दिसली तर आधी बाळावर नाही, कॅलेंडरवर संशय घ्यावा.

संमतीचं सांगायचं तर सगळी अडचण घड्याळाची. जन्मताना श्वास कोंडून मेंदूला इजा झालेल्या बाळाचं शरीर ३३ ते ३४ अंश सेल्सियसपर्यंत थंड करून ७२ तास तसं ठेवायचं, हा उपचार जन्मानंतर ६ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. श्रीमंत देशांतल्या चाचण्यांत त्याने मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही कमी झालं होतं. आपल्याकडेही होईलच, असं गृहीत धरणं सोपं होतं. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात ४०८ बाळांवर केलेल्या हेलिक्स चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: थंड केलेल्या गटात ४२ टक्के बाळं दगावली, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३१ टक्के. ‘तिकडे सिद्ध झालंय, इथे चाचणी कशाला’ म्हणणाऱ्यांना हे दोन आकडे दाखवावेत.

पण त्या ६ तासांत आई सिझेरियननंतर वेगळ्या मजल्यावर, वडील रक्तपेढीच्या रांगेत, आणि एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) दाराशी आजी. आजी सही करायला तयार असते. आई-वडील हयात आणि हाताशी असताना ती सही चालत नाही. एकाला शोधून आणावंच लागतं. समजावताना संमतीपत्रातला ‘यादृच्छिक’ हा शब्द हिंदीतही कळत नाही आणि मराठीतही. ‘चिठ्ठी उघडली की कळेल कोणता उपचार, ते डॉक्टरांच्याही हातात नाही’ हे कळतं. मग विचारायचं: ‘आता तुम्ही मला सांगा, काय करणार आहोत?’ ‘चांगलं औषध देणार’ एवढंच उत्तर आलं तर सही घेऊ नका, पुन्हा पहिल्यापासून सांगा. चिठ्ठ्यांची पाकिटंही अपारदर्शक आणि क्रमांक घातलेली हवीत, आणि उघडण्याआधी पाकिटावर बाळाचं नाव लिहिलेलं हवं. दिव्यासमोर धरून आतलं वाचता येत असेल तर चाचणी तिथेच संपली.

संमतीचं व्हिडिओ चित्रण हा नियम आला त्यात इंदूरचा हात आहे, हे इथल्याही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. इथल्या स्वास्थ्य अधिकार मंचाने औषधचाचण्यांवरून सर्वोच्च न्यायालयात २०१२ साली याचिका नेली आणि २०१३ मध्ये न्यायालयाने चित्रणाचा आदेश दिला. २०१९ च्या नियमांनुसार ते आता नव्या औषधी रेणूंच्या चाचणीत, तेही असुरक्षित गटातल्या, म्हणजे स्वतःहून मोकळेपणाने संमती देऊ न शकणाऱ्या व्यक्तींसाठी सक्तीचं आहे. तान्ही बाळं त्यात आलीच. ओल्या बाळंतिणीसमोर कॅमेरा लावण्याआधी पडदा, ओढणी आणि पाच मिनिटं द्यावीत.

राहता राहिला पाठपुरावा. मेंदूवर परिणाम झाला की नाही, हे १८ ते २४ महिन्यांशिवाय नीट कळत नाही. कमी दिवसांच्या बाळाचं वय तेव्हा अपेक्षित तारखेपासून धरायचं. आणि मराठी घरांत पहिलं बाळंतपण माहेरी. जन्म इंदूरचा, सासर जळगावला नाहीतर बुऱ्हाणपूरला. सव्वा महिना झाला, फार तर तिसऱ्या महिन्यात मायलेकरं जातात, आणि फॉर्मवर उरतो राजवाड्याजवळच्या आजोळचा पत्ता. बारसं झालेलं नसल्यामुळे नावाच्या रकान्यात ‘बेबी ऑफ सुनीता’. जुळी असली तर ‘एक’ आणि ‘दोन’, आणि तिकडे गेल्यावर कोण एक नि कोण दोन हे कोणालाच आठवत नाही. पत्ते दोन घ्यावेत, फोन तीन: वडिलांचा, मामाचा आणि मावशीचा. बारशानंतर एक फोन करून नाव भरून घ्यावं. वडिलांचा नंबर दोन वर्षांत बदलतो, मावशीचा सहसा नाही.