मुलाखतीतला पहिला प्रश्न

उमेदवार खुर्चीवर नीट टेकतो न टेकतो तोच त्याला विचारले जाते, "गाव कुठलं?" आणि पाठोपाठ, "वडील काय करतात?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काहीही वाईट नसते, समोरच्याचे दडपण कमी व्हावे, एवढाच हेतू असतो. परंतु आपल्याकडे आडनाव, गाव आणि वडिलांचा व्यवसाय कळला की उमेदवाराची जात आणि घरची परिस्थिती यांचा अंदाज ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप बांधला जातो, आणि पुढची उत्तरे त्या अंदाजाच्या आधारानेच ऐकली जातात.

हा केवळ तर्क नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या संशोधकांनी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावांच्या अर्जांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळली, आणि मुस्लिम नावांच्या बाबतीत ती तफावत अधिक मोठी होती. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी चर्चा केली, तेव्हा आपण फक्त गुणवत्ता पाहतो असे ठामपणे सांगणारे अधिकारीच 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारणे महत्त्वाचे मानताना दिसले. मला ही दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करते, कारण त्या माणसांना यात काही विसंगती आहे असे वाटतच नव्हते.

उमेदवार बाहेर गेल्यावर दार लोटले जाते आणि पॅनेलमधले ज्येष्ठ साहेब म्हणतात, "मुलगा हुशार आहे, पण आपल्या टीममध्ये रुळेल असं वाटत नाही." एवढे वाक्य पुरेसे होते. ज्याने थोड्या वेळापूर्वी आठ गुण लिहिले होते, तो कागदावरचा आकडा हळूच सहा करतो. नुकतेच लग्न झालेल्या मुलीच्या बाबतीत तर 'झेपेल का' ही शंका काळजीच्या सुरात येते, आणि म्हणूनच त्या शंकेला कोणी हरकत घेत नाही.

संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीत समान संधीची हमी देते. खासगी कंपनीतली निवड मात्र बरीचशी त्या खोलीत बसलेल्या माणसांच्या विवेकावर सोडलेली असते. एका दिवसाच्या प्रशिक्षणाने मनातले पूर्वग्रह निघून जातील, यावर माझा विश्वास नाही. ते निर्णयात कोणत्या वाटेने शिरतात हे पाहून ती वाट अडवणे मात्र आपल्या हातात आहे. प्राथमिक छाननीत नाव, छायाचित्र आणि पत्ता झाकावा. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत. चर्चा सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपले गुण लिहून द्यावेत. आणि सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने सर्वांत शेवटी बोलावे. यातली शेवटची गोष्ट ज्येष्ठांना सर्वांत जड जाते, पण माझ्या मते सर्वांत जास्त फरक तिनेच पडतो.

अशाने मुलाखत कोरडी होते, अशी तक्रार मी अनेकदा ऐकतो. आपुलकी दाखवायला पाणी विचारता येते, कंपनीच्या कामाची माहिती देता येते. त्यासाठी वडिलांचा व्यवसाय कळण्याची गरज नाही. आणि शेऱ्यात 'आत्मविश्वास कमी' असे लिहिले असेल, तर ते नेमके कोणत्या उत्तरावरून, हे विचारण्याचा अधिकार पॅनेलमधल्या सर्वांत कनिष्ठ सदस्यालाही असला पाहिजे.