धावपट्टीखालची शेतं

सॅटेलाइटच्या चित्रात कल्याणजवळच्या नेवाळीवर आलं की एक फिकट, सरळसोट रेघ दिसते. आजूबाजूचे ओढे, बांध, रस्ते वळणं घेत जातात, ही रेघ मात्र सगळं कापत जाते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी बांधलेला विमानतळ. पडीक धावपट्ट्या शोधून ऑनलाइन नकाशांवर त्यांची नोंद करायचा मला नाद आहे. जुने नकाशे आणि आजची चित्रं एकावर एक ठेवत रात्री जातात. तरी ठाण्यात राहून नेवाळीला कधी गेले नव्हते, याची लाज वाटत होती.

कल्याणपर्यंत लोकल, पुढे मलंग रोडने शेअर रिक्षा. खड्ड्यांनी कंबर ढिली केली. नाक्यावर उतरले तेव्हा मलंगगड ढगात बुडाला होता. विमानतळाच्या जागेभोवती नौदलाने घातलेल्या भिंतीच्या आत जायचं नाही हे आधीच ठरवलं होतं, म्हणून रस्त्यावरूनच दिशा टिपत होते.

कडेला एक आजी शेवळाच्या, म्हणजे पावसाळी रानभाजीच्या, जुड्या घेऊन बसल्या होत्या, प्रत्येक जुडीसोबत भाजीची खाज मारणारी मूठभर आंबट काकडं. "काय लिवतंस गो?" त्यांनी विचारलं. विमानतळाची माहिती गोळा करतेय म्हटल्यावर त्यांनी जुडी बांधायची थांबवली.

"विमानतल नंतरचा. आधी आमची शेतं व्हती थं."

१९४२-४३ मध्ये इथली १,६०० एकरांहून जास्त जमीन घेतली गेली, हे मी वाचलं होतं. भिंतीच्या वादातून २२ जून २०१७ ला पेटलेलं आंदोलनही बातम्यांत पाहिलं होतं. पण आजी आकडे सांगत नव्हत्या, नावं सांगत होत्या. चिंचेखालचं. पाणथळीचं. वरचं लांबट. सासऱ्यांनी त्यांना लांबून बोटाने दाखवलेली शेतं. "लराय सरली का जमीन परत देव, असा गोरे बोललेले," एवढं म्हणून त्यांनी शेवळांवर पाणी शिंपडलं. चौथ्या शेताचं नाव काही केल्या आठवेना.

आमच्या नोंदींत धावपट्टीची लांबी असते, दिशा असते, वापर कधी थांबला ते असतं. जमीन कुणाची होती हा रकानाच नाही. इतकी वर्षं मी स्वतः तो कधी मागितला नाही. माझ्या मते त्यावाचून नोंद अर्धवट आहे, आणि ज्यांच्या तोंडी ही नावं आहेत ती माणसं आता नव्वदीकडे झुकलीत. तुमच्या जवळ अशी जागा असेल तर मोजपट्टी नंतर काढा, आधी तिथल्या म्हाताऱ्या माणसांपाशी जाऊन बसा. मी हे फार उशिरा केलं.

दोन जुड्या घेतल्या, आजींच्या मुलाला माझा नंबर दिला. काकडं घालून केलेली भाजी घरी सगळ्यांना आवडली.

रात्री माझ्या नकाशावर त्या रेघेलगत तीन नावं लिहिली, चौथी जागा मोकळी ठेवली. सकाळी आजींच्या मुलाचा फोन आला. "ताई, आईला रात्री आठवलं. लिहून घ्या, करवंदीचं."