तीन पिशव्या

काल रात्री पावसात लाईट गेली आणि आईच्या बीपीच्या गोळ्या शोधायला हेडटॉर्च हवा होता. घरच्या आणीबाणीच्या पिशवीत तो नव्हताच. रविवारी बेळगावजवळच्या राजहंसगडावर ट्रेकला जाताना मीच काढून नेला होता, आणि ती सॅक मित्राच्या गाडीत राहिली. अंधारात आई भिंत धरून उभी होती. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आज दिवसभर बसून सगळं वेगळं केलं. घरची पिशवी आता दाराजवळच्या खुंटीला: बॅटरी, सेल (बाहेर काढूनच, आत राहिले की गळतात), आठवड्याच्या गोळ्या, पॉवर बँक, आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स प्लास्टिकमध्ये. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी पाहिलाय, त्यांना कागद कोरडे राहणं म्हणजे काय ते सांगायला नको. या पिशवीला ट्रेकसाठी हात लावायचा नाही.

जांबोटी-कणकुंबीच्या रानाची सॅक निराळी. तिथं जळवांसाठी मीठ, शिट्टी, दोरी, ओआरएस. गाडीच्या डिकीत पंक्चरचं सामान आणि रेनकोट.

दुसरा हेडटॉर्च उद्या खडेबाजारातून आणतोय. आई म्हणाली, "माझ्या उशाशी पण एक ठेव रे." तिच्यासाठी वेगळा आणणार.