‘हू’ला स्वतःचा पुरुष नसतो

मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेला गोवेकर म्हापशाचा असो की मडगावचा, ‘अवर फादर, हू आर्ट इन हेवन’ ही प्रार्थनेची ओळ त्याला पाठ असते. त्यातलं ‘आर्ट’ म्हणजे कला नव्हे. आता वापरातून गेलेल्या ‘दाऊ’चं, म्हणजे एकवचनी ‘तू’चं ते क्रियापद. इथे देवाशी समोरासमोर बोलणं चाललंय, म्हणून ‘इज’ आलं नाही. १६११च्या इंग्रजी बायबलात ‘हू’च्या जागी ‘विच’ आहे, पण ‘आर्ट’ तसंच.

‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ यांना स्वतःचा पुरुष (व्याकरणातला प्रथम, द्वितीय, तृतीय) नसतो, वचनही नसतं. ती दोन्ही मागच्या शब्दाकडून उसनी येतात. ‘आय, हू अ‍ॅम युवर नेबर’ कानाला खटकतं, पण बरोबर आहे. ‘इट इज यू हू आर लेट’ हेही बरोबर, समोर एकच माणूस असला तरी. ‘यू हू इज’ ही चूक मात्र सर्रास दिसते. ‘इट’पुढचं ‘इज’ कधी बदलत नाही, म्हणून ‘इट इज दे हू आर राँग’. पहिल्या ‘इज’च्या नादाने दुसरं ‘इज’ लिहिलं जातं, तिथेच घसरायला होतं.

खरं तर मराठी कानाला हे नवं नाही. ‘तू, जो रोज उशिरा येतोस’ इथे आपण ‘येतोस’ म्हणतो. पण ‘तूच तो, जो रोज उशिरा येतो’ म्हटलं की ‘स’ गळतो, कारण ‘जो’ आता ‘तो’ला चिकटला. इंग्रजीतही तेच: ‘यू, हू कम लेट’, पण ‘यू आर द वन हू कम्स लेट’. ‘आय अ‍ॅम द वन हू हॅव द की’ लिहिणारा ‘आय’कडे बघतो. बघायचं असतं ‘द वन’कडे, म्हणून ‘हॅज’.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘वन ऑफ’चा. हे वाक्य घ्या: ‘वन ऑफ द बसेस दॅट स्टॉप अ‍ॅट बांबोळी इज लेट’. बांबोळीला थांबणाऱ्या बसेस अनेक, म्हणून ‘स्टॉप’. उशीर एकीलाच, म्हणून ‘इज’. शंका आली तर वाक्य उलटं करा: ‘ऑफ द बसेस दॅट स्टॉप अ‍ॅट बांबोळी, वन इज लेट’. मात्र ‘ओन्ली’ आलं की पारडं फिरतं. ‘धिस इज द ओन्ली वन ऑफ द बसेस दॅट स्टॉप्स हिअर’: थांबणारी एकच, म्हणून ‘स्टॉप्स’. ‘ओन्ली’ नसताना एकवचन लिहिणारे चांगले इंग्रजी लेखकही आहेत, पण परीक्षेत अनेकवचनच लिहावं.

तपासताना आधी ‘हू’ किंवा ‘दॅट’खाली रेघ मारा. तिच्यापुढे क्रियापदाआधी दुसरा कर्ता बसलाय का ते बघा. ‘द प्रॉन्स दॅट शी सेल्स आर फ्रेश’ यात ‘सेल्स’ हे ‘शी’चं, सुंगटांचा (कोळंबीचा) त्याच्याशी संबंध नाही, त्यांचं ‘आर’ पुढे आहे. असा कर्ता मध्ये नसेल तरच मागे वळून शब्द शोधायचा, आणि ‘हू’ काढून तोच शब्द तिथे ठेवून मोठ्याने वाचायचं.

‘एव्हरीवन हू’, ‘ही हू’ कायम एकवचनी. ‘दोज हू’ कायम अनेकवचनी. ‘ऑल’ दुतोंडी: माणसं असतील तर ‘ऑल हू आर हिअर’, ऐवज असेल तर ‘ऑल दॅट इज लेफ्ट’.

राहिलं इंग्रजीतलं ‘मी’, म्हणजे आपलं ‘मला’. ‘इट्स मी हू अ‍ॅम टू ब्लेम’ कोणी म्हणत नाही. ‘मी’ कर्त्याचं रूप नसल्यामुळे बोलण्यात पुढे ‘इज’ येतं. ‘इट इज आय हू अ‍ॅम टू ब्लेम’ व्याकरणात चोख, पण अर्जात लिहिलं तर नाटकी वाटतं. त्यापेक्षा ‘हू’लाच रजा द्यावी: ‘आय अ‍ॅम टू ब्लेम’.