भैरवचं काय राहिलं?

रविवार, रात्री बारा

आज मावसभावाचा भैरव गेला. भैरव म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्समधलं त्याचं पात्र; या खेळात जो तो एकेक पात्र होऊन फाशांच्या जोरावर गोष्ट पुढे नेतो. हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या अंगातला जीव मोजणारे गुण, शून्यावर आले म्हणून माणूस लगेच मरत नाही. दर फेरीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा वर पडलं तर तग धरला, खाली तीनदा पडलं की खेळ आटोपला. दोन आधीच वाईट पडले होते. तिसरा फासा गडगडत शेवेच्या ताटलीला अडला. चार.

आमच्यातल्या पुरोहित पात्राकडे मेलेल्याला मिनिटाभराच्या आत उठवणारा मंत्र होता, पण त्याला ३०० मोहरांचे हिरे लागतात, ते गाठीला नव्हते. उरला मोठा मंत्र: मुदत १० दिवस, हिरा ५०० मोहरांचा. म्हणजे बाकीचे हिरा शोधत हिंडणार आणि ज्याचा माणूस गेला तो मोबाईल चाळत बसणार, नाहीतर घाईघाईने नवं कॅरेक्टर लिहिणार. मला हे कधीच पटलेलं नाही. इतके महिने जो आमच्यात वावरला, त्याचं बोलणं एका फाशावर का तुटावं?

खेळ मी चालवते, म्हणून मावसभावाला सांगितलं, तू भैरवच राहा. तलवार उचलता येणार नाही, फासेही नाहीत, आणि तुझा आवाज एकालाच ऐकू येईल. कोणाला, ते तू ठरव. मग विचारलं, "काय राहिलं रे तुझं?"

हा प्रश्न घरचाच. आजोबांच्या दहाव्याला क्षिप्रेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा सगळे हेच एकमेकांना विचारत होते. शेवटी काकाने हात जोडून "आईकडे आम्ही बघू" म्हटलं.

मावसभाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रेवाला. तिच्या भावाबद्दल मी तिला खोटं सांगितलंय." हे मलाही माहीत नव्हतं! रेवा खेळणारी आतेबहीण उठून त्याच्या शेजारी येऊन बसली. पुढचा तासभर ती दोघंच बोलत होती आणि रामबागेतल्या आमच्या माडीवर बाकी कोणी चहालासुद्धा उठलं नाही. जिवंतपणी भैरव लढायचा खूप, बोलायचा मोजकं. तो आम्हाला आज कळला.

खेळाच्या पाचव्या आवृत्तीतला एक नियम मला फार आवडतो: आत्मा राजी असेल तरच तो मोठा मंत्र लागतो. शिवाय परतणाऱ्याच्या हल्ल्याच्या, बचावाच्या, कसबाच्या प्रत्येक फाशातून चार वजा. दर मोठ्या विश्रांतीनंतर एकेक कमी होत जातात. मरून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा नसतो, हे मला खरं वाटतं. पुढच्या वेळी हिरा मिळालाच तर मी मावसभावाला विचारीन, आणि तो नाही म्हणाला तर कोणी त्याची मनधरणी करायची नाही, हे सगळ्यांना बजावलंय.

निघताना तो म्हणाला, "सांगून तर झालं. आता परत येऊन काय करू?"

आतेबहीण जिन्यातूनच ओरडली, "माझं उत्तर कोण ऐकणार मग?"